फिटरांची फटफटी

मित्रांनो, मी सायकल आहे, पण नुसती सायकल नाही. माझ्या पोटात गवत कापायच्या एका मोडक्या यंत्राचे इंजिन बसवलेले आहे. त्यामुळे मोटारसायकली मला आपल्यात घेत नाहीत, आणि साध्या सायकली माझ्या शेजारी उभ्या राहायला कुरकुरतात, कारण मी तेल गाळते. गल्लीत मला सगळे ‘फिटरांची फटफटी’ म्हणतात. माझी हकीकत मी एका रविवारपासून सांगते, कारण त्यानंतर आमच्या घरात तसा रविवार पुन्हा उजाडला नाही.

त्या सकाळी मी मागच्या अंगणात स्टँडवर उभी होते. फिटर, म्हणजे ज्यांनी मला घडवले ते, माझ्याजवळ उकिडवे बसून चेनला तेल देत होते. त्यांची लेक पायरीवर चहा पीत होती. ती एका वाचनालयात नोकरी करायची, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि रविवारी घरी यायची.

लेकीची आई, आपणही तिला आईच म्हणू, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “जेवायला येताय, की फटफटीलाच भरवत बसणार?”

फिटरांची पाठ दाराकडे होती. ते चेनला तेल देत राहिले. आई पायांत चपला सरकवून अंगणात उतरली, मला वळसा घालून त्यांच्या समोर येऊन उभी राहिली आणि तेच वाक्य त्याच सुरात पुन्हा म्हणाली, जणू पहिल्यांदाच म्हणते आहे.

“आलोच. हिला तेल देतोय,” फिटर हसले. “नाहीतर ही करकरते.”

“मी करकरले तर कुणी येत नाही तेल घेऊन.”

“तू बिनतेलाचीच बरी चालतेस.”

लेक हसली, उठली आणि म्हणाली, “बाबा, एक चक्कर मारून येऊ?” ती दर रविवारी हे विचारायची. एवढी मोठी झाली तरी फटफटीची हौस फिटत नाही, असे फिटरांना वाटायचे. मला मात्र ठाऊक होते. ती मला गल्लीच्या टोकापर्यंत नेई, आणि सगळा वेळ तिची मान एका बाजूला कललेली असे. ती रस्ता बघत नसे, मला ऐकत असे. त्या दिवशी परत येऊन ती फिटरांसमोर उभी राहिली आणि सहज म्हणावे तसे म्हणाली, “प्लग जरा बघा बरं. उगीच वाटतंय मला.”

फिटरांनी प्लग काढला. त्यावर काजळी धरली होती.

“तुला उगीच वाटतं ते बरं नेमकं असतं गं,” ते अभिमानाने म्हणाले. “मुलगी कुणाची शेवटी.”

लेक रिकाम्या कपात बघत राहिली.

मित्रांनो, मला घडवले तेव्हा ही लेक शाळेत होती. फिटर पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होते. कारखाना चढावर. पॅडल मारून मारून त्यांचे गुडघे बोलू लागले, तेव्हा त्यांनी भंगारातून ते इंजिन आणले आणि माझ्या दांड्याखालच्या त्रिकोणात बसवायला घेतले. ते काही केल्या मावेना. मग बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यांनी आधी कागदी पट्ट्या बेतल्या, कपडा बेततात तशा, आणि मग त्यांच्यावरून लोखंडी पट्ट्या कापल्या. लेक पुठ्ठा धरायची. आई म्हणायची, बापलेकीने मिळून सायकलला झबले शिवायला काढले आहे.

माझ्या मागच्या चाकाला डाव्या अंगाने दातेरी चकती बसली. चाकाच्या तारा तुटू नयेत म्हणून चकतीच्या दोन्ही बाजूंना जुन्या टायरचे गोल तुकडे घातले. उजवीकडची चेन पॅडलची, डावीकडची इंजिनाची. ही डावी चेन सैल पडू नये म्हणून तिला खालून उचलून धरणारे एक छोटे चाक मागच्या नळीला पकडपट्टीने आवळले. नळी मागे निमुळती होत जाते, म्हणून पट्टी घसरू नये यासाठी तिच्याखाली ट्यूबचा रबरी तुकडा गुंडाळला. माझ्या अंगातले सर्वांत लहान चाक म्हणजे ते. लाडू वळताना हातात मावेल एवढे. माझा घात त्याने केला.

घरी बनवलेले यंत्र स्वतःच्याच थरथरीने स्वतःला सैल करत असते. हे फिटरांना माहीत होते, म्हणून रविवार माझा होता. पेट्रोलात ऑइल मोजून मिसळायचे, चेन पुसायची, ब्रेकची तार ओढून बघायची, आणि शेवटी मला ऐकायचे. ते पेचकसाचे टोक माझ्या इंजिनावर टेकवत आणि लाकडी मूठ कानाला लावत. डोळे मिटलेले असत. मग म्हणत, “खालचा डावा.” लेक पाना लावून बघायची, तर खालचा डावा नट खरोखरच जरासा फिरायचा. कारखान्यातही तसेच. एखादे यंत्र अडले की फिटरांना हाक मारत, ते डोळे मिटून उभे राहत, आणि सगळी शेड त्यांच्या तोंडाकडे बघत राही.

माझे धुराडे त्यांनी मुद्दाम आखूड ठेवले होते. आवाज दाबला तर बिघाड कळणार कसा, असे ते म्हणत. त्यामुळे मी फार मोठ्याने चालत असे. दिवसभर कारखान्यात पत्र्यावर पडणारे घण, आणि जाता-येता मी. वर्षे गेली. एके रविवारी त्यांनी पेचकस कानाला लावला, बराच वेळ लावून ठेवला, मग तो पुसून पेटीत टाकला. त्यानंतर तो बाहेर निघाला नाही. ते माझ्या इंजिनावर तळहात ठेवून बघू लागले. कुणाला काही बोलले नाहीत. घरातल्यांनीही काही विचारले नाही. त्यांच्या समोर जाऊन बोलायचे, एवढे मात्र सगळे आपोआप शिकले.

त्या रविवारी जेवणे झाल्यावर फिटर आत आडवे झाले. स्वयंपाकघराची खिडकी माझ्या डोक्यावरच उघडते. आत मायलेकी भांडी पुसत होत्या.

“आई, सांगायचं का त्यांना आता?”

“काय सांगणार आहेस?”

“डॉक्टरांकडे जाऊ म्हणून. कानाला लावायचं मिळतं आता, इतकुसं असतं.”

“आणि ते लावून शेडमध्ये जातील? सगळे त्यांच्या कानाच्या भरवशावर असतात तिथे. उद्या उचलून गोदामात बसवतील. डब्यांना झाकणं लावत बसायचं. ते नाही सहन व्हायचं त्यांना.”

“रस्त्यावर काही झालं म्हणजे?”

भांडे ठेवल्याचा आवाज आला. “तू बघतेस ना दर रविवारी,” आई म्हणाली.

लेकीने उरलेली भांडी पुसून फळीवर ठेवली. निघताना तिने माझ्या सीटवर उगाच थाप मारली, आणि आतून बाहेर आलेल्या बापाला समोरून सांगितले, “येते बाबा.” ते म्हणाले, “ये. सावकाश जा.”

मित्रांनो, तेव्हा माझ्या पकडपट्टीखालचे रबर तेलाने भिजून मऊ झाले होते. दुखणे होते, पण त्याला अजून आवाज फुटला नव्हता. म्हणून तिला ते ऐकू आले नाही.

आवाज आठवडा सुरू झाल्यावर फुटला. छोटे चाक किंचित आत कलले आणि चेनचा एक दुवा त्याच्या कडेला लागू लागला. टक. चेनच्या प्रत्येक फेऱ्याला एक टक. माझ्याजवळ आवाजाशिवाय दुसरी भाषा नाही. त्या भाषेत मला जे सांगायचे होते ते मी सांगू लागले, आणि ज्यांना सांगायचे ते सोडून सगळ्यांना ते ऐकू गेले.

कोपऱ्यावर एक इस्त्रीवाला बसतो. त्याने फिटरांना नेहमीप्रमाणे हात केला आणि मी पुढे गेल्यावर गिऱ्हाइकाला म्हणाला, “आज फटफटी वेगळी वाजतेय.”

“मग सांगा की त्यांना.”

“मी? अहो, ते नुसत्या आवाजावरून नट सांगतात कुठला ढिला ते. त्यांना कळलं नसेल होय? असेल काहीतरी नवीन केलेलं.”

कारखान्याच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही तसेच वाटले. मला बघून थांबलेल्या एका मोटारसायकलवाल्याने तोंड उघडले होते, पण फिटरांच्या डगल्यावरचे कारखान्याचे नाव वाचून त्याने ते मिटले. सगळ्यांना वाटले, याला माहीत असणारच.

फिटरांना काहीच कळले नाही असे नाही. हँडलमधून त्यांच्या तळव्यांत काहीतरी वेगळे जात असावे. चढावर त्यांनी मला थांबवले, इंजिनावर तळहात टेकवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग पाना काढून त्यांनी इंजिनाचे सगळे नट आवळले. सगळे आधीच घट्ट होते. टकटक मागच्या चाकापाशी होती. तिथे त्यांचा हात गेला नाही. मी माझ्या परीने मोठ्याने टकटकले.

त्या संध्याकाळी ते आत हातपाय धूत होते आणि आई फोन घेऊन माझ्याजवळ आली. आवाज खाली करून बोलत होती, खरे तर त्याची काही गरज नव्हती.

“अगं, टकटक करतेय दोन दिवस... नाही, मागून येतंय... मी कशी सांगू? मला ऐकू आलं आणि त्यांना नाही, असं होईल ना ते.” मग बराच वेळ ती ऐकत राहिली. “हो. बरं. रविवारी बघ मग.” तिने फोन पदराला पुसला आणि माझ्याकडे असे पाहिले, जसे आपण दारात बसलेल्या अनोळखी कुत्र्याकडे पाहतो.

दुसऱ्या दिवशी कारखाना सुटल्यावर आम्ही उताराला लागलो. उतारावर मला वेग येतो. टकटक इतकी जलद झाली की तिची एकच करकर झाली. पुढे चालणारी दोन माणसे वळून बघू लागली. त्यांतल्या एकाने हात वर केला. फिटरांना वाटले, ओळखीचे कुणी आहे. त्यांनीही हात वर केला.

त्याच वेळी पट्टी घसरली. छोटे चाक फिरून मागच्या चाकाच्या तारांत गेले आणि चाक जागच्या जागी थांबले. मी थांबले, ते थांबले नाहीत. रस्त्याच्या कडेला गटाराचा दगडी काठ होता. त्यापुढचे मी सांगणार नाही. माझे इंजिन मात्र आडवे पडूनही चालू होते, आणि ते बंद कसे करायचे हे जमलेल्या लोकांपैकी कुणालाच माहीत नव्हते.

मित्रांनो, नंतर सांत्वनाला घरी आलेले लोक मला बघून म्हणत, असल्या घरगुती भानगडी करायच्याच कशाला. कुणी म्हणे, ब्रेक लागला नसेल. कुणी म्हणे, चक्कर आली असेल. इस्त्रीवाला आला तो अंगणात माझ्यापासून लांब उभा राहिला. त्याला काहीतरी सांगायचे होते. चहा न घेताच तो निघून गेला.

तुमच्या घरी सायकल असेल, तर तिची चेन पुसत जा, रबर मऊ पडले की बदलत जा. एवढे तर कुणीही सांगेल. माझे मागणे निराळे आहे. रस्त्याने जाणारी एखादी गाडी चुकीचा आवाज करत असेल, तर चालवणाऱ्याला थांबवा. तो कितीही मोठा कारागीर असो, समोर उभे राहून सांगा. त्याला माहीत असेलच, असे धरून चालू नका. तो रागावेल, ओशाळेल, दोन दिवस तुमच्याशी बोलणार नाही. नाही बोलला तर नाही. पण सांगा.

बरेच दिवस मला कुणी हात लावला नाही. मग एका दुपारी लेक पानेपेटी घेऊन अंगणात आली आणि माझ्याजवळ उकिडवी बसली. तिने वाकडे चाक काढले. तारांत रुतलेले छोटे चाक पक्कडीने ओढून बाहेर घेतले. पकडपट्टी उघडली. तिच्याखालचे रबर बोटाला चिकटून आले, शिजलेल्या कातड्यासारखे. तिने ते दाबून पाहिले, पट्टी नळीवर पुढे-मागे सरकवून पाहिली. टकटक कशाची होती ते तिला कळले. आवाज न ऐकता कळले.

आई दारात आली. “देऊन टाक भंगारात. डोळ्यांसमोर नको मला ती.”

“देते,” लेक म्हणाली, पण उठली नाही. चिंधी घेऊन ती डावी चेन पुसू लागली, एकेक दुवा. आई तिथेच दाराला टेकून उभी राहिली. मग लेकीचा हात थांबला. ती वर न बघता बोलली. आवाज चढवला नाही, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावे तशी बोलली.

“बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. मी येईपर्यंत गाडी काढू नका.”