दोन नंबर तीनला

पुण्याहून आलेल्या इंजिनिअरने मशीनकडे पाचच मिनिटं पाहिलं आणि ते मेल्याचं जाहीर केलं. डॉक्टरसुद्धा एवढ्या लवकर सही करत नाहीत. पडद्याला चित्र पाठवणारा भाग जळलाय, तो बोर्डातच बसवलेला असतो, दुरुस्ती होणार नाही, असं तो म्हणाला. मॅनेजरला तेवढंच ऐकायचं होतं.

महाडच्या औद्योगिक वसाहतीतला तो औषधांचा कारखाना, आणि साल दोन हजार दोन. दासगावची रिझवाना पाच वर्षं त्या लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरपाशी बसत होती. प्रत्येक बॅचच्या तपासणीचे निकाल त्यात उतरायचे. हे काम मुंबईच्या हेड ऑफिसला कधीपासून आपल्याकडे ओढायचं होतं. आता आयतं निमित्त मिळालं. चार वाजता टेम्पो निघेल, आतले निकाल काढून घ्यायला मशीन मुंबईला जाईल आणि तिथेच राहील, असं मॅनेजरने सांगितलं. रिझवानाने उद्यापासून पॅकिंगला बसायचं. हे सगळं तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून बोलला, तिच्याकडे बघायची काही त्याची छाती झाली नाही.

रिझवानाच्या डोक्यात तिडीक गेली.

"मशीन मेलं नाय," ती म्हणाली. "त्याचं नुसतं तोंड गेलंय. तो दिवा बघा, डिस्क चालू हाय."

इंजिनिअर हसला. पडदा नाही तर आत जाणार कुठून, असं त्याने विचारलं. नेटवर्कवरून आत जायची वाट दोन वर्षांपूर्वी सुरक्षेच्या नावाखाली त्यानेच बंद करून टाकली होती, आणि रिझवानाने ते त्याला सगळ्यांदेखत ऐकवलं. मॅनेजर चिडला. चारच्या आत चालू करून दाखवलंस तर मशीन इथेच राहील, असं तो तावातावाने बोलून गेला. तिला तेवढंच हवं होतं.

मशीनच्या पाठीला एक सीरियल पोर्ट होतं, जुन्या पद्धतीचं, पंचवीस पिनांचं. त्यातून साध्या तारेने अक्षरं आतबाहेर नेता येतात. दुसऱ्या टोकाला टर्मिनल लावायचं, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, की काम झालं. असं एक टर्मिनल स्टोअरमध्ये पडून होतं. स्टोअरवाला पोलादपूरचा काशीराम मोडकी खुर्चीसुद्धा फेकू देत नसे; त्यावरून त्याची सगळे थट्टा करायचे. आज त्याने ते टर्मिनल लग्नातल्या रुखवतासारखं मिरवत आणलं. केबल मात्र कुणीतरी कपडे वाळत घालायला नेली होती.

रिझवानाने कागदावर दोन्ही टोकांच्या पिनांची जोडणी लिहून दिली: दोन नंबर तीनला, तीन नंबर दोनला, सात सातला. कागद घेऊन काशीराम नवी केबल करून आणायला मोटारसायकलवरून हायवेला गेला. तिथे तिचा मुख्तारमामू तीस वर्षं ट्रकांचं वायरिंग करत होता.

इकडे ती काळ्या पडद्यापुढे बसली. टायपिंगच्या क्लासात दत्ताराम सर मुलींच्या हातांवर टॉवेल टाकायचे, बोटं दिसू नयेत म्हणून. तेव्हा तिने त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, आज त्या परत घेतल्या. नाव टाईप केलं. पासवर्ड टाईप केला. तो तर एरवीही दिसत नाही. डिस्कचा दिवा लुकलुकला, म्हणजे मशीनने आत घेतलं. मग एक ओळ, 'मागच्या पोर्टवरही लॉगिन विचार' असं सांगणारी, तिला सिस्टीमच्या फाईलच्या शेवटी जोडायची होती. त्यासाठी बाणाची खूण दोनदा दाबावी लागते. एकदाच दाबली गेली तर जोडणं राहिलं बाजूला, सगळी फाईलच पुसली जाते. तिने श्वास रोखून दोनदा दाबली. फाईल पुन्हा वाचायला सांगितली आणि घाम पुसला.

तीन वाजता केबल घेऊन खुद्द मामूच आला, खांद्याच्या पिशवीत सोल्डरिंग आयर्न. रिझवानाने दोन्ही टोकं लावली, टर्मिनलवर एंटर दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काहीच नाही. इंजिनिअरने घड्याळ पाहिलं आणि मॅनेजरने टेम्पोवाल्याला हाक मारली. काळोखात आपलंच बोट चुकलं, फाईल गेली, पाच वर्षांचं काम आपणच संपवलं, असं रिझवानाला वाटलं.

तरी तिने केबलचं टोक उघडलं. आत सुंदर काम होतं. दोन नंबर दोनला, तीन तीनला.

"मामू, हे काय केलंत?"

"कागदावर तू उलटंच लिवलेलंस गो," मामू कौतुकाने म्हणाला. "घाईत चुकली पोरगी म्हटलं, सरळ करून टाकलं. उलटी वायर घातली तर ट्रक पेटतो."

"मामू, हा ट्रक नाय. याचं तोंड त्याच्या कानाला लागाया हवं. तुम्ही तोंडाला तोंड लावलंत. दोघं बोलतात, ऐकत कोणच नाय."

मामूने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मॅनेजरकडे. मग आयर्न तापत ठेवलं.

पावणेचारला रिझवानाने एंटर दाबलं. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. मशीन नाव विचारत होतं. काशीरामने जोरात टाळी वाजवली आणि मॅनेजरकडे बघून हात खिशात घातले.

ती आत शिरली, निकाल जागेवर आहेत हे पाहिलं, आणि लॉगिनच्या आधी दिसणाऱ्या मजकुराच्या फाईलमध्ये एक ओळ लिहून बाहेर पडली. तोवर मॅनेजर सावरला होता. पुढचं आता इंजिनिअरसाहेब बघतील, असं म्हणून त्याने तिला उठायची खूण केली. इंजिनिअर वाकला आणि थबकला. पडद्यावर, इंग्रजी अक्षरांत पण मराठीत, लिहिलं होतं: हे मशीन महाडातच राहणार.

मॅनेजरने ती ओळ आधी काढून टाकायला सांगितली.

"काढायची तर आत जावं लागंल," रिझवाना म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढून पक्की बसली. "आणि आत जायची वाट आता या खुर्चीवरून हाय, पासवर्ड माझ्या बोटांत हाय. टेम्पोवाल्याला सांगा, रिकामाच जा."