खिडकीकडची कॉट

हॉस्टेलच्या त्या खोलीत दोन ऋतू भांडत नांदत होते. कुडकुडीला बारा महिने थंडी वाजायची; तिची रूम पार्टनर भट्टी ऐन हिवाळ्यात वहीनं वारा घ्यायची. नावं एकमेकींनीच ठेवलेली, त्यामुळे त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

तक्रार हीटरच्या बटणावरून होती. राहायला आल्या त्या दिवशी कुडकुडीनं मन मोठं करून हीटरजवळची कॉट भट्टीला दिली. भट्टीनंही तिला खिडकी देऊन टाकली, काय वारा येतो म्हणून. दोघींनी आपापला स्वर्ग दुसरीला बहाल केला आणि मग एक गोठत, दुसरी भाजत पडली. दिलेलं परत मागायचं कसं? त्यापेक्षा बटणावरून भांडणं सोपं होतं.

आज भट्टीनं बॅग भरली. रेक्टरबाईंनी खोली बदलून दिली होती.

"जा. तिकडंही उकडू दे तुला."

"नाही उकडणार. तिथला हीटर बंद आहे. म्हणून तर मागितली!"

भट्टी बॅग घेऊन गेली आणि खोली एकदम मोठी झाली. आता भांडायचं कुणाशी? कुडकुडी भट्टीच्या कॉटवर बसली, मग कलंडली. हीटर गुणगुणत होता. पाठ लोण्यासारखी विरघळली. दुपारच्या उन्हात भिंती हळूच तरंगू लागल्या, आणि आईनं नुकत्याच इस्त्री केलेल्या फ्रॉकमध्ये कुणीतरी तिला अलगद घातलं.

"अगं ए, माझ्या कॉटवर काय करतेस?" भट्टी उशी न्यायला आली होती.

"किती चांगली जागा दिली होती तुला..." कुडकुडी डोळे मिटूनच पुटपुटली.

"चांगली? वांगं झालं माझं भाजून! तुला हवी होती तर बोलायचं ना."

"तुला वाईट वाटलं असतं."

"कमाल आहे बाई. मीही म्हणूनच गप्प बसले."

भट्टी मटकन खिडकीकडच्या कॉटवर बसली. फटीतून गार झुळूक आली आणि तिच्या मानेवरून फिरली. तिचा चेहरा समुद्र पहिल्यांदा बघणाऱ्या माणसासारखा झाला. ती उशी डोक्याखाली घेऊन आडवी झाली.

रेक्टरबाई नव्या खोलीची किल्ली घेऊन आल्या, तेव्हा दोन्हीकडून संथ श्वास ऐकू येत होते.

"बाई, दार लावा ना," एक झोप म्हणाली.

"नको, उघडंच राहू दे," दुसरी म्हणाली.

बाईंनी दार अर्धं लोटलं आणि किल्ली परत नेली.