आक्काचं तूप

वर्षाराणीनं चपातीची घडी घालताना आत तुपाचा चमचा फिरवला आणि न्हाणीतल्या पाण्याचा आवाज चालू आहे ना, हे कान देऊन ऐकलं. चालू होता. मग तिनं दुसऱ्या घडीतही चमचाभर सोडलं, कडा बोटांनी दाबून बंद केल्या आणि लाटणं फिरवलं. तव्यावरनं उतरलेली चपाती वरून कोरडी ठक्क दिसत होती, डॉक्टरांनी सांगितली होती तशी. मटकीच्या उसळीत तिनं आणखी एक पळी ओतली, वर कोथिंबीर दाबून पसरली आणि खिडकी उघडली, नाहीतर वासानंच तिची चहाडी केली असती.

तिचा नवरा उदयसिंह कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सुपरवायझर होता. सातची पाळी. त्यामुळे नाश्ता आणि जेवण दोन्ही डब्यातच जायचं. रात्री डॉक्टरांच्या हुकमानं उकडलेले मूग आणि ताक, त्यात हात मारायला जागा नव्हती. जे करायचं ते डब्यात, आणि ते ती गेले दहा दिवस मन लावून करत होती. नवऱ्याचं वजन उतरू नये, एवढंच तिला हवं होतं. वजन उतरलं की तो ऑपरेशनच्या टेबलावर जाणार होता.

उदयसिंहाची थोरली बहीण, आक्का, मलकापूरला दिलेली. तिचं यकृत निकामी झालं होतं. दारू सोडा, चहासुद्धा दिवसाला एकच कप घेणारी बाई. पण पंधरा वर्षांची साखर आणि यकृतात साठत गेलेली चरबी यांनी गुपचूप काम केलं, आणि कळलं तेव्हा यकृत दगडासारखं झालं होतं. तरी गावातले लोक तिच्या नवऱ्याला, पिराजीदाजींना, तोंडावर विचारायचे की दारूबिगर लिव्हर कसं जाईल. दर पंधरवड्याला तिच्या पोटातलं पाणी काढावं लागे. एकदा रक्ताची उलटी झाली, तेव्हा दुर्बीण आत घालून फुटलेल्या शिरांना रबराच्या रिंगा बसवल्या आणि तिला माघारी आणली. पुण्याच्या हॉस्पिटलात यकृतासाठी नाव लावून आठ महिने झाले होते. यादी लांब आणि देणारे मोजके. दाजींना स्वतःलाच साखर, आणि मुलगी स्वप्नाली सतरा वर्षांची, कायद्यात न बसणारी. राहिला भाऊ. त्याचा रक्तगट जुळला.

जुळला खरा, पण स्कॅनमध्ये त्याच्याही यकृतात सतरा टक्के चरबी निघाली. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत वाढलेला माणूस, सकाळी मिसळ, रविवारी मटण आणि फुटबॉल सुटून बारा वर्षं झालेली. निघाली यात नवल काहीच नव्हतं. पूर्वी असा दाता आला की परत पाठवायचे, डॉक्टर म्हणाले, पण आता आम्ही थांबतो. आठ आठवड्यांत नऊ किलो उतरवा. चरबी दहाच्या खाली आली की घेऊ.

"आनि कापल्यालं भरून येतंय?" वर्षाराणीनं विचारलं होतं.

"येतं. दोन-तीन महिन्यांत बरंचसं भरतं."

"म्हशीच्या लसूणघासागत," उदयसिंह मध्येच म्हणाला. "कापला की फुटतोय." डॉक्टर हसले. तिला हसू आलं नाही.

दात्याला धोका किती, हेही तिनं विचारलं. हजारात दोन-तीन, असं उत्तर मिळालं. उत्तर देणाऱ्याला तो आकडा लहान वाटत होता. वर्षाराणीचे वडील ती नऊ वर्षांची असताना हर्नियाच्या ऑपरेशनला स्वतःच्या पायांनी चालत गेले होते, जाताना तिला 'येताना बत्तासं आनतो' म्हणाले होते, आणि आले ते अँब्युलन्समधून. हजारातले ते दोन-तीन कुठले असतात, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. घरात सात वर्षांची अनुजा होती. धडधाकट नवरा कापायला द्यायचा, तोही त्याला काही झालेलं नसताना, ही गोष्ट तिच्या घशाखाली उतरतच नव्हती.

पण हे बोलणार कुठं? पुण्यात पूर्णिमा मॅडम म्हणून बाई होत्या, दात्याच्या घरच्यांशी बोलण्याचं काम त्यांच्याकडं. त्यांनी पहिल्या भेटीत विचारलं, तुमची काही हरकत? समोर दाजी, स्वप्नाली आणि चाकाच्या खुर्चीत पोट घेऊन बसलेली आक्का. आईमाघारी उदयसिंहाला आक्कानंच वाढवलेलं. वर्षाराणीला बघायला तीच आली होती, आणि पोहे खारट झालेले असतानाही 'ही पोरगी आमची' म्हणून उठली होती. तिच्या पिवळ्या डोळ्यांकडं बघत हरकत आहे म्हणायला काळीज दगडाचं लागतं.

"न्हाय," वर्षाराणी म्हणाली होती.

आणि घरी येऊन तिनं तुपाची बरणी काढली होती. त्या बरणीचंच तिला जास्त लागायचं. तूप आक्काचं होतं. आजारपणातही दर महिन्याला मलकापूरहून बरणी यायची. आता लोणी दाजी कढवत आणि आक्का खुर्चीत बसून त्यांच्या चुका काढत असे. ज्या तुपानं आपण आक्काचा भाऊ नापास करायला निघालो, ते तूप आक्कानंच धाडलंय, हे रोज झाकण उघडताना तिला आठवायचं. ती तरी चमचा घालायची. आपण वाईट बाई आहोत, असं तिनं स्वतःला स्वच्छ सांगून टाकलं होतं.

पंधरा दिवसांनी वजन केलं तेव्हा दोन किलो कमी भरलं.

चालतोय म्हणून असेल. तो रोज संध्याकाळी रंकाळ्याला दोन फेऱ्या मारत होता. तिनं घडीतला चमचा दीड केला. महिन्यानं साडेचार किलो कमी. तिनं उसळीतली पळी दोन केली. सहाव्या आठवड्यात उदयसिंहानं पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं, आणि ती स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहिली. एवढं तूप जातंय कुठं? एखादी म्हैसही या खुराकावर अंगानं भरली असती.

आठव्या आठवड्यात कोल्हापुरातच स्कॅन झाला. चरबी सहा टक्के. पुण्याहून दुपारीच फोन आला आणि ऑपरेशनची तारीख ठरली. शेजारपाजारच्यांनी येऊन उदयसिंहाची पाठ थोपटली. वर्षाराणीनं सगळ्यांना चहा केला आणि साखर घालायची विसरली.

पुण्याला निघायच्या आदल्या रविवारी अझीम आणि त्याची बायको आयेशा भेटायला आले. अझीम उदयसिंहाच्याच विभागात मशीनवर होता. काडीसारखा माणूस म्हणून कंपनीत त्याची चेष्टा व्हायची. तो दारातून आत आला तेव्हा वर्षाराणीनं त्याला ओळखलं ते आवाजावरनं. गाल वर आले होते आणि शर्टाची मधली गुंडी कशीबशी टिकून होती.

आयेशा सरळ स्वयंपाकघरात आली. तिच्या हातात फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकऱ्या होत्या.

"भाऊंच्या वाटंला घ्या, वहिनी. पुन्यात आशी भाकरी घावायची न्हाय त्यांस्नी."

"त्यांस्नी तुमची भाकरी कुठनं ठावं?"

"आता बगा! दोन म्हैने झालं की. मी दिल्याली भाकरी नि कांदा भाऊ खात्यात, आनि तुमचा डबा आमचं हे." आयेशा तोंडाला पदर लावून हसली. "सा किलो वाढलं, वहिनी. आज्जी म्हनती, ह्याला आता कुठं नवऱ्याची कळा आली. तुमच्या चपातीचं गुनगान रोज ऐकायचं म्हंजे मला ताप झालाय नुसता."

वर्षाराणीच्या हातातलं भांडं ओट्यावर टेकलं.

"आमचं हे काय म्हनलं, डबा का दिला म्हनून?"

"म्हनलं की. म्हनलं, ती मायेनं करती, मला तर चालत न्हाय. माघारी न्हिऊन तिचं मन कशाला मोडायचं? आनि ह्यांच्याकडनं वचन घेतलं, वहिनीला सांगायचं न्हाय म्हनून." एवढं बोलल्यावर तिच्या लक्षात आलं आणि तिनं जीभ चावली. "आता तर झालंच की सगळं. आता सांगितलं तर काय हुतंय?"

"काय न्हाय हुत," वर्षाराणी म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला वळली.

संध्याकाळी पाहुणे गेले. अनुजा बाहेर गल्लीत खेळत होती. उदयसिंह पिशवीत फायली भरत होता, एकेक रिपोर्ट तारखेप्रमाणे. वर्षाराणी डब्याचं झाकण पुसत त्याच्या समोर येऊन बसली. झाकण कधीच कोरडं झालं होतं, तरी ती पुसत राहिली.

"कवा कळलं?"

त्यानं मान वर केली नाही. "दुसऱ्या दिवशी."

"इतक्या लवकर?"

"आक्काच्या तुपावर वाढलोय मी, वर्षा. मला घास तोंडात घालायच्या आधी कळतंय."

"मग बोलला का न्हाईसा?"

त्यानं फाईलला दोरी गुंडाळली, गाठ मारली. मग तिच्याकडं बघितलं. रागावलेला नव्हता. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"तू तरी कुठं बोललीस," तो म्हणाला.

ती उठली आणि त्याचे कपडे घडी घालून पिशवीत ठेवू लागली. पँटा सगळ्या मोठ्या झाल्या होत्या. त्यातली एक तिनं बाजूला काढली आणि कमरेला चार टाके घालून आत घेतली.

पुण्यात ऑपरेशनच्या आदल्या सकाळी पूर्णिमा मॅडमनी वर्षाराणीला त्यांच्या खोलीत बोलावलं. एकटीला. खोलीच्या एका भिंतीला काच होती. काचेपलीकडं व्हरांड्यात आक्का खुर्चीत बसली होती आणि उदयसिंह तिच्याजवळ बाकावर.

"मागच्या वेळी मी तुम्हाला सगळ्यांसमोर विचारलं," पूर्णिमा मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांसमोर माणूस काय म्हणणार? म्हणून आता परत विचारते. तुमच्या मनात नसेल तर सांगा. आम्ही घरी एवढंच कळवू की दाता तपासणीत बसत नाही. का बसत नाही ते कुणाला सांगत नाही. आक्कांचं नाव यादीत आहे, ते राहील. पण आणखी किती दिवस मिळतील त्यांना, ते मी सांगू शकत नाही."

वर्षाराणीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "म्हंजे मी नको म्हनलं, हे कुनालाच कळनार न्हाय?"

"कुणालाच नाही. तुमच्या मिस्टरांना सोडून." पूर्णिमा मॅडमनी घरच्यांच्या संमतीचा कागद समोर घेतला. "इथं बायका देतात, आया देतात, बहिणी देतात. बहिणीसाठी भाऊ आलेला मी दोनदाच बघितलाय. तुमच्या मिस्टरांनाही मी एकट्याला विचारलं होतं, पहिल्याच दिवशी. म्हणाले, माझी तयारी आहे, पण बायको भ्यालेली आहे. तिचे वडील असेच गेले. वजनाचं मी बघतो, पण शेवटी तिला एकटीला विचारा. ती नको म्हणाली तर मी नापास, असंच लिहा. आणि हे तिला सांगा, असं त्यांनीच मला सांगून ठेवलंय."

वर्षाराणी काचेकडं बघत राहिली. म्हणजे दोन महिने तो उपाशीपोटी रंकाळ्याला फेऱ्या मारत होता, आयेशाच्या कोरड्या भाकरीवर नऊ किलो उतरवत होता, आणि जायचं की नाही हे तिच्यावर सोडून बसला होता. एवढंही तिला सांगितलं नव्हतं, शहाण्यानं. तिला त्याचा राग आला, आणि रागाबरोबर डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पदरानं पुसलं.

काचेपलीकडं आक्कानं भावाचा दंड चिमटीत धरला होता. शर्टाची बाही ओढून ती सैल कशी झालीय हे त्यालाच दाखवत होती. तोंड चालू होतं. आवाज इकडं येत नव्हता, पण काय बोलणं चाललंय हे वर्षाराणीला चांगलं माहीत होतं. किती वाळलास रं. ही तुला खायला घालती का न्हाय? उदयसिंह मान खाली घालून हसत होता.

भीती गेली नव्हती. ती होती तिथंच होती, बत्ताशांच्या दिवसापासून होती तशीच.

"मॅडम, एक इचारू?"

"विचारा ना."

"आप्रेशन झाल्यावर तूप कवा चालतंय?"

पूर्णिमा मॅडमनी कागदावरून मान वर केली. असला प्रश्न या खोलीत त्यांना कुणी विचारला नसावा.

"कुणाला? पेशंटला की तुमच्या मिस्टरांना?"

"दोघास्नी," वर्षाराणी म्हणाली आणि पेनासाठी हात पुढं केला.