सात नंबरची पेटी

खाणकंपनीत माझं काम पेट्यांवर नंबर रंगवायचं. जमिनीत बोअर मारला की आतून दगडाच्या लांबट कांड्या निघतात. त्या लाकडी पेटीत मांडतात आणि मी वर बोअरचा नंबर घालतो. पगार बेताचा, पण ब्रश माझ्या हातात.

सात नंबरचा बोअर माझ्या ताईच्या घरामागे मारला. दोन खोल्यांत ती चाळीस पोरांची बालवाडी चालवते. मी पेटीत डोकावलो, तर तांबं नुसतं चमचमत होतं. म्हणजे बालवाडीवर बुलडोझर ठरलेला.

बालवाडी वाचवा म्हणायला ताई आधीच आमच्या साहेबांकडे जाऊन आली होती. साहेब म्हणाले, "बाई, विकासासाठी थोडी झळ सोसावी लागते."

मला ते इतकं पटलं, की ती झळ साहेबांनाच द्यायची ठरवली. बारा नंबरचा बोअर त्यांच्या बंगल्याच्या हिरवळीत होता, त्यातून निघालेला निव्वळ मुरूम. मी सातच्या पेटीवर बारा घातले, बाराच्या पेटीवर सात. साहेबांनी सात उघडली, 'काही नाही' म्हणून सही ठोकली. दुसऱ्या दिवशी बारा उघडली आणि चेहरा पडला.

संध्याकाळी स्वतः शेडमध्ये आले. मला चक्क खुर्ची दिली.

"नंबर टाकताना चूक होते का रे कधी?"

"माणूस आहे साहेब."

"मग ही बारा खरं तर सात असेल?"

"असेलही. पण सातवर तुमची सही आहे. वरचे विचारतील, न बघता केलीत का."

साहेबांनी शेडचं दार लोटलं. मग हळूच म्हणाले, "अशी जागा सांग, जिथं कोणी फिरकत नाही."

"आहे ना. नऊ नंबर. पेटीपण उघडायची राहिलीय. आपलं मानव विकास केंद्र. उद्घाटनानंतर तिथं मी फक्त कुत्रं जाताना पाहिलंय."

"अरे, ते कंपनीचं भूषण आहे."

"मग बंगला पाडू या का?"

तांब्याच्या पेटीवर बाराचे नऊ आणि नऊच्या पेटीवर बारा रंगवायला मला दोन मिनिटं लागली. केंद्रातलं सामान हलवायला मीच हातगाडीवाला बोलावला आणि पत्ता ताईचा दिला. कोरी बाकं, फळा, जगाचा नकाशा, प्लास्टिकसुद्धा न काढलेले पंखे.

केंद्र पाडून खणायला लागल्याला आठ महिने झाले, तिथं मुरूमच निघतोय. साहेब दर महिन्याला वर कळवतात, तांबं अजून थोडं खाली आहे.

ताई म्हणते, "मेल्या, पकडला गेलास म्हणजे?"

"सह्या साहेबांच्या आहेत. तू पंखा लाव. एवढा विकास झालाय, पोरांना वारा तरी लागू दे."