यशोधरा वहिनींची कुंची

मी कुंची बोलतेय. टोपरं नव्हे, झबलं नव्हे, कुंची. हैदराबादेत निम्म्या लोकांना मला काय म्हणायचं तेच कळत नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. डोक्यावर टोपी आणि तिलाच जोडलेली पाठीवरची झूल, असं माझं रूप. बारशाला बाळाच्या आत्यानं मला आणायचं असतं.

माझा जन्म उदगीरचा. त्रिवेणीताईंनी मला हिरव्या खणातून बेतलं, लाल काठ लावला, झालरीला मणी ओवले. स्वतःचं कौतुक स्वतः करू नये म्हणतात, पण मी दिसते छान.

शिवताना ताई माझ्याशी बोलायच्या, म्हणजे वहिनीवरचा राग माझ्यावर काढायच्या. गोष्ट अशी. त्यांच्या भावाचं, गौतमचं लग्न झालं, तेव्हा ताटातल्या तांदळात अंगठीनं नव्या नवरीचं नाव लिहायचं होतं. नणंदेच्या हौसेनं ताईंनी नाव काढलं, यशोधरा. नवरी पुण्याची, श्रुती. तिनं भर मांडवात हसत हसत म्हटलं, "ताई, त्या गौतमानं यशोधरेला झोपेत टाकून घर सोडलं होतं. मला नको बाई ते नाव. मी आपली श्रुतीच बरी."

सगळे हसले. ताईंना ते लागलं. गौतम पडला दोन्ही डगरींवर हात ठेवणारा, तो कुणाचीच बाजू घेईना, म्हणून ताईंना त्याचा राग वेगळा. तेव्हापासून नणंद-भावजयीचा अबोला होता. आता हैदराबादेत भावाला मुलगा झाला होता.

"मान माझा आहे, कुंची मी पाठवणारच," ताई दातांनी दोरा तोडत म्हणाल्या. "तिचा फोन आला तर बारशाला जाईन. नाही आला तर समजेन, मी तिला नकोच आहे."

एवढं माझ्या गळ्यात बांधून त्यांनी मला खोक्यात घातलं. वर पत्ता लिहिला: 'सौ. यशोधरा वहिनी, चौथा मजला', पुढे इमारतीचं नाव आणि काचीगुडा. भावाचं नाव मुद्दामच घातलं नाही. पाठवणाऱ्याच्या जागी लिहिलं, 'बाळाची आत्या, उदगीर'. खिडकीवरच्या माणसानं फोन नंबर विचारला, तर म्हणाल्या, "लागत नाही. तिला कळतं मी कोण ते."

तिला कळेल हो, पण टपालखात्याला कसं कळावं?

काचीगुड्याच्या पोस्टमननं मला घेऊन त्या इमारतीपर्यंत सायकल मारली. वॉचमन म्हणाला, "यशोधरा मॅडम? इधर कोई नई जी ऐसे नाम के." पोस्टमन पुन्हा एकदा येऊन गेला, उत्तर तेच. मी खोक्यात तळमळत होते. चौथ्या मजल्यावर बाळ रडत होतं, ते मला ऐकू येत होतं, पण मला तोंड कुठलं? मग मला परत पाठवायचं ठरलं. पण कुणाकडे? उदगिरात आत्या काय एकच आहे?

अशा ना घरच्या ना दारच्या टपालासाठी एक ऑफिस असतं. दुसऱ्याचं टपाल उघडायची मुभा फक्त तिथल्या लोकांना, तीही आत पत्त्याचा काही माग लागतो का ते पाहायला. माझ्या शेजारी एक पाकीट होतं, त्यावर फक्त 'पप्पा, सिकंदराबाद'. पलीकडे कुणाची राखी, कुणाचा चष्मा. मंडळी गप्पिष्ट होती, वेळ बरा जायचा. पण राखीनं मला एकदा हळूच सांगितलं की मुदत संपली की कागद नष्ट करतात आणि आपल्यासारख्यांचा लिलाव होतो. मग मात्र माझा धीर सुटला. लिलावात मी कुणाच्याही घरी जाईन, आणि उदगिरात ताई फोनकडे बघत बसतील.

एक दिवस माझी पाळी आली. हणमंतराव नावाच्या साहेबांनी मला बाहेर काढलं. आत चिठ्ठी नव्हती, नुसती मी. त्यांच्या सहकारी लक्ष्मीबाईंनी मला उलटंसुलटं करून पाहिलं.

"मिक्सर का कव्हर है क्या साब?"

माझा काय अपमान झाला म्हणून सांगू.

"कव्हर काय हो, कुंची आहे ही. लेकराची," हणमंतराव म्हणाले. त्यांचं घराणं निजामाच्या काळापासून इथलं, मराठी अजून जिभेवर होती. "आत्या पाठवते वहिनीला. म्हणजे नणंद-भावजय. आणि हे यशोधरा म्हणजे ताटातलं नाव असणार बघा. आमच्या घरी लग्नात मंदाकिनी ठेवलं होतं. आज मी तशी हाक मारली तर बायको विचारेल, ही मंदाकिनी कोण?"

लक्ष्मीबाई हसल्या. "तो नाम कायकू पूछना साब? बच्चे का पूछो ना. छोटा बच्चा किसके घर में है, वॉचमन को मालूम रैता."

हणमंतरावांनी लगेच पोस्टमनसाठी चिठ्ठी लिहिली: नाव विचारू नये, तान्हं बाळ कुणाकडे आहे ते विचारावं.

"बच्चा?" वॉचमन या वेळी लगेच म्हणाला. "चौथे माले पे. रात भर रोता जी."

दार श्रुतीनंच उघडलं. डोळ्यांवर झोप, खांद्यावर बाळ. पोस्टमननं कागद पुढे केला. "यशोधरा मॅडम आपच ना? साइन इसी नाम का होना."

"मेरा नाम श्रुती है."

"तो फिर वापस जाता अम्मा ये. बच्चे का कुछ है अंदर."

तिनं खोक्यावरचं नाव वाचलं, मग खाली 'बाळाची आत्या' वाचलं. ते अक्षर ती ओळखत होती. मला वाटलं, आता दार लागणार. पण ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. बाळ सावरत तिनं सही केली. यशोधरा.

मला बाळाच्या डोक्यावर चढवून तिनं तिथंच फोन लावला.

"ताई, यशोधरा बोलतेय."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि ताई म्हणाल्या, "बोल श्रुती. कुंची बसली का गं त्याला?"

आत्यासाठी थांबलेलं बारसं झोकात झालं. ताईंनी पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं. नाव काय, तर चिन्मय. ते दोघींनी मिळून ठरवलं.

आता चिन्मयचं डोकं माझ्यात मावत नाही. उदगीरला ताईंच्या धाकट्या जावेला दिवस गेलेत, म्हणून मी पुन्हा खोक्यात निघालेय. वाचकहो, जाता जाता एकच मागणं. रागात असा नाहीतर प्रेमात, पत्ता तेवढा पुरा लिहा. श्रुतीनं लिहिलाय: घर नंबर, पिनकोड, फोन, सगळं. पाठवणाऱ्याच्या जागी मात्र तिनं लिहिलंय, 'यशोधरा वहिनी'.

राहू दे. वाटेत चुकून परत आलेच, तरी मला आता काळजी नाही. त्या नावाची बाई त्या पत्त्यावर राहते.