भंडारा सोसणारी पाटी

बिरप्पा बंडगरचा एक स्वभावच होता. नवी वस्तू दारात आली की आधी तिला पोटभर नावं ठेवायची, आणि मग तिच्यावाचून त्याचं पान हलायचं नाही. सायकलीचं तसं झालं, रेडिओचं तसं झालं, आणि खरं सांगायचं तर बायकोचंही तसंच झालं होतं. लग्नात चिमाबाईकडं बघून हा पठ्ठ्या म्हणाला होता, "ही वाळकी काडी मेंढरांमागं काय पळणार?" पुढचा सगळा जन्म त्याचा तिच्यामागं पळण्यात गेला.

तेव्हा एकोणऐंशी सालच्या संक्रांतीनंतर सोलापूरच्या कॉलेजातले मल्लिकार्जुन साहेब एसटीच्या टपावरून दोन चौकोनी गठुडी उतरवून घेऊन आले, तेव्हा बिरप्पानं काय म्हणावं हे ठरलेलंच होतं. गठुडी सोलापुरी चादरीत गुंडाळलेली. चादर सोडली तर आत दोन फळ्या, फळीत निळ्याकाळ्या गोल चकत्या.

"पापड वाळत घाटल्यात व्हय साहेब?" बिरप्पा म्हणाला.

साहेब वयानं कोवळे पण हसतमुख माणूस. म्हणाले, "पापडच समजा. यांच्यावर ऊन पडलं की वीज होते. ती मोटारीच्या बॅटरीत भरायची आणि संध्याकाळी दिवा लावायचा."

बंडगर वस्ती मंगळवेढ्याच्या दक्षिणेला, उघड्या माळावर. विजेचे खांब वाटेतच कुठंतरी थकून बसले होते, ते काही वस्तीपर्यंत पोचले नव्हते. उन्हाला मात्र तोटा नव्हता. ऊन फुकट मिळायचं आणि वस्तीवर त्याला कुणी विचारत नव्हतं. त्या उन्हाचा दिवा होणार म्हटल्यावर म्हातारीकोतारीही बिरोबाच्या देवळापाशी गोळा झाली.

साहेबांनी दोन्ही पाट्या देवळाच्या धाब्यावर चढवल्या. वस्तीनं त्यांना पहिल्या दिवसापासून पाटीच म्हटलं. एक पाटी काचेची, जड. दुसरीला काच नाही, वरून रबरासारखा मऊ लेप. ती हलकी, आणि वीजही जास्त द्यायची.

"यातली कुठली घ्यावी हे ठरवायचंय," साहेब म्हणाले. "अशा पाट्या पुढं आणखी वस्त्यांवर लावायचा विचार आहे. पावसाळ्याच्या तोंडाला मी परत येईन. जी टिकेल ती इथं कायमची ठेवीन. पण काही मोडतोड झाली, तर दोन्ही उचलून दुसऱ्या गावाला नेईन, हे आधीच सांगतो."

पाट्यांची तोंडं त्यांनी दक्षिणेला केली, तेव्हा बिरप्पा पुन्हा कुरकुरला. दक्षिण ही काय दिशा झाली? देव पूर्वेला बघतो आणि ह्या बया यमाकडं! साहेबांनी त्याला हिवाळ्यातला सूर्य कुठून कसा जातो ते हातवारे करून दाखवलं. मेंढरं राखणाऱ्याला सूर्य काय सांगायचा! बिरप्पाला ते लगेच पटलं, पण पटलं असं तो म्हणाला नाही.

मऊ पाटीचा दिवा लागला देवळाच्या मंडपात. काचेच्या पाटीवर पारावरचा रेडिओ चालायला लागला. आणि मंडपातल्या दिव्याखाली भरायला लागला प्रौढांचा वर्ग.

हा वर्ग म्हणजे चिमाबाईचा जीव की प्राण. सरकारनं तो सुरू केला, महिपती मास्तर शेजारच्या गावाहून सायकलीवर यायचे, पण रेशनला रॉकेल येईना. कंदील विझायला लागला तसे मास्तर म्हणाले होते, दिवा नसेल तर वर्ग बंद करावा लागेल. ते ऐकून चिमाबाई दोन दिवस नीट जेवली नव्हती. कारण आदल्या वर्षी तिच्या हातून एक गाभण मेंढी गेली होती. औषधाच्या बाटल्या दोन, रंग एक; एक पाजायची, एक गोचिडासाठी अंगाला लावायची. तिनं लावायची पाजली. "बाटलीवर लिहिलंय की," गुरांचे डॉक्टर म्हणाले. ते खरंच होतं आणि तेच तिच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून तिनं मनाशी घेतलं, लिहिलेलं मला वाचता आलं पाहिजे.

आणि बाई शिकायला लागली! मेंढरांमागं हिंडताना काठीनं मातीत अक्षरं काढायची. भाकरी थापताना परातीतल्या पिठात बोटानं 'म' काढायची. बिरप्पा चिडवायचा, "म्हातारपणी तलाठी व्हायचंय व्हय तुला?" पण पारावर रेडिओ ऐकत बसला की त्याचा एक कान मंडपाकडं असायचा. तिचा आवाज अडखळत अडखळत शब्दाच्या शेवटाला पोचला की त्याची छाती फुगायची. आपल्याला जे कधी जमलं नाही ते ही करतेय, याचा त्याला अभिमान होता, आणि तो अभिमान लपवायचं ओझंही होतं.

चैत्रात बिरोबाची जत्रा आली. धाब्यावर चढून भंडारा उधळायचा मान बिरप्पाच्या घराण्याचा. ढोल घुमायला लागले, कैताळ वाजायला लागलं, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" झालं आणि बिरप्पानं ओंजळीनं हळद उधळली. खालची माणसं, मेंढरं, वाटा सगळं पिवळंधमक झालं. तेवढ्यात त्याची नजर पाट्यांवर गेली. देवाच्या डोक्यावर येऊन बसलेली नवी वस्तू, तिला भंडारा लावायचा नाही तर कुणाला? नव्या बैलगाडीला लावतो, नव्या जात्याला लावतो. त्यानं भक्तिभावानं मूठ मूठ भंडारा दोन्ही पाट्यांवर टाकला, हातानं नीट पसरला आणि हात जोडले.

दुसऱ्या दिवशी चिमाबाई पाट्या पुसायला वर गेली. पाट्या पुसायचं काम तिनं आपणहून घेतलेलं होतं. काचेची पाटी ओल्या फडक्यानं लख्ख झाली. मऊ पाटी काही केल्या होईना. उन्हानं तिचा लेप चिकट झाला होता आणि हळद त्यात रुतून बसली होती. साबण झाला, शिकेकाई झाली. पिवळेपणा उलट पसरला.

मंडपातला दिवा मंदावला. वर्ग जेमतेम सुरू व्हायचा आणि दिवा तांबडा व्हायचा, मग नुसती तार दिसायची. बायका पाटी-पेन्सिल उचलून घरी जायच्या. चिमाबाई अंधारात बसून राहायची. बिरप्पानं एकदा म्हटलं, "चल की घरी." ती म्हणाली, "जोडाक्षरापतूर आले हुते वं." एवढंच बोलली. त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं बिरप्पाला वाटलं.

वैशाख सरता सरता साहेबांचा निरोप आला, मी येतोय. वस्तीचे पंच सिद्धाप्पा तात्या यांनी सगळ्यांना पारावर बसवलं.

"भंडाऱ्याचं नाव काढायचं न्हाय," तात्या म्हणाले. "उन्हानं पिवळी पडली म्हणायचं. चादर उन्हात टाकली की इटती का न्हाय? तसंच. न्हायतर दोन्ही पाट्या जातील, दिवा जाईल आन् रेडिओबी जाईल."

बिरप्पानं सगळ्यात आधी मान हलवली. चूक त्याची होती, आणि लपली तर त्याला हवीच होती.

साहेब आले. धाब्यावर चढले, पाठोपाठ तात्या आणि बिरप्पाही; बाकी वस्ती खाली माना वर करून उभी. मऊ पाटीसमोर उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. "ही अशी कशी झाली?" त्यांनी विचारलं. तात्यांनी चादरीची गोष्ट सांगितली. साहेबांनी मान डोलावली आणि खिशातून पेन काढलं.

तेवढ्यात शिडीवरून आवाज आला. "तसं न्हाय साहेब."

चिमाबाई डोईवरचा पदर सावरत वर आली. तात्यांनी डोळे वटारले. बिरप्पानं मनातल्या मनात बिरोबाचा धावा केला. पण ही बाई आता थांबायची नाही, हे जगात फक्त त्यालाच ठाऊक होतं.

"उन्हानं काय झालं न्हाय. जत्रंत भंडारा टाकला, त्यो बसला तिच्यात. माझ्याच मालकानं टाकला."

सगळ्या वस्तीसमोर! बिरप्पाला वाटलं, धाबं फाटावं आणि आपण थेट बिरोबाच्या पायाशी जाऊन पडावं.

"चिमा!" तात्या ओरडले. "पाट्या नेतील की गं त्ये!"

"न्हेऊ द्या," ती म्हणाली. "माजा वर्ग जाईल, मला कळतंय त्ये. लई वंगाळ वाटंल. पर साहेब उन्हालाच दोष दिऊन जातील, उन्हाला टिकंल असा दुसरा मऊ लेप काढतील, आन् उद्या कुटल्या तरी वस्तीवर असलीच पाटी लावतील. तितं बिरोबा न्हाय व्हय? तितं भंडारा न्हाय व्हय? तितल्या बाया आंधारात बसतील, आन् कुणाला कळायचंबी न्हाय का बसल्यात ते."

बिरप्पा बायकोकडं बघत राहिला. ह्या वाळक्या काडीत एवढं बळ कुठून आलं, हे त्याला इतकी वर्षं संसार करून उमगलं नव्हतं. लाज होतीच, पण लाजेच्या वर काहीतरी दाटून आलं होतं. तो पुढं झाला.

"व्हय साहेब," त्यानं सांगून टाकलं. "मीच टाकला. ह्या हातानं. चांगलं व्हावं म्हणून टाकला."

साहेबांनी पेन खिशात ठेवलं. "भंडारा आहे का आत्ता?"

बिरप्पाच्या कमरेला पिशवी होतीच. साहेबांनी मूठभर भंडारा घेतला आणि काचेच्या पाटीवर चोळला. तात्यांनी डोक्याला हात लावला. साहेबांनी फडकं मागितलं, ओलं करून पुसलं, काच पुन्हा आरशासारखी. मग पोटभर हसले. त्यांच्या हाताची बोटं पिवळी झाली होती.

"मी पाऊस धरला होता, गारा धरल्या होत्या, धूळ धरली होती, पाखरांची घाणसुद्धा धरली होती. भंडारा काही धरला नव्हता!"

"जत्रंच्या दिवशी चादर झाकू की आमी," तात्या घाईनं म्हणाले. "नवी मऊ पाटीच द्या. तिचा दिवा लई चालतुया."

"एखाद वर्षी झाकाल, एखाद वर्षी विसराल," साहेब म्हणाले. "माणसाला आठवण राहील या भरवशावर वस्तू निवडायची नसते, तात्या. काचेचीच निवडायची. इथंही आणि पुढंही."

"मंजी… न्हेत न्हाय?" चिमाबाईनं विचारलं.

"मोडतोड झाली तर नेईन म्हणालो होतो खरा. पण इथं काय बिघडतं, हेच तर मला शोधायचं होतं. ते तुम्ही सांगितलंत. नाहीतर मी चुकीचं शिकून गेलो असतो, मावशी." आणि त्या शिकलेल्या माणसानं पिवळ्या हातांनी तिला नमस्कार केला. तिनं पदर तोंडाला लावला.

मऊ पाटी साहेब परत नेणार होते, त्यामुळं आता एकच अडचण उरली. काचेच्या पाटीवर एक तर मंडपातला दिवा चालणार, नाही तर रेडिओ. दोन्ही नाही. साहेबांनी विचारलं, "तार कुणाला जोडू?"

तात्यांनी रेडिओ म्हणायला तोंड उघडलं. पारावरची सगळी गडीमाणसं रेडिओवाली. कुस्तीचं वर्णन लागलं की बिरप्पा तर स्वतःच्या मांडीवर थाप मारायचा, एवढं त्याला रेडिओचं वेड. पण तात्यांच्या आधी तोच बोलला.

"मंडपाला जोडा साहेब. कुस्ती काय, आमी बघिटल्याली हाय."

तात्या चार महिने त्याच्याशी बोलले नाहीत. बोलायला लागले ते थेट दसऱ्याला.

दसऱ्याला पुन्हा ढोल घुमले. ओव्या झाल्या, गजीढोलाचा फेर धरला गेला, आणि मानाप्रमाणं बिरप्पा भंडारा घेऊन धाब्यावर चढला. उधळायला लागला तो जराही हात राखून नाही. माणसं पिवळी झाली, देऊळ पिवळं झालं, आणि पाटीवर तर त्यानं दोन मुठी जास्तच टाकल्या. देवाचं देवाला दिलं पाहिजे.

एरवी भंडारा संपला की तो उडी मारून खाली यायचा आणि फेरात घुसायचा. त्या दिवशी आला नाही. खालून लोकांनी वर बघितलं, तर गडी डोईचा फेटा सोडून, कळशीतल्या पाण्यात भिजवून, गुडघ्यावर बसून काच पुसतोय.

"वरच्या कडंला ऱ्हायलंय!" खालून चिमाबाई ओरडली.

"पुसतुया की!"

ढोलकरी थांबले. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. सिद्धाप्पा तात्यांना तर एवढे दिवस ह्याच संधीची वाट होती. ते मोठ्यांदा म्हणाले, "बिरप्पा, घरात कदी तवा तरी पुसलास का रं?"

बिरप्पानं वरून सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं सांगितलं, "तवा पुसून बायकू वाचाय लागली असती, तर त्योबी पुसला असता तात्या!"

आणि फेट्याची कोरडी बाजू काढून त्यानं वरची कड पुसायला घेतली.