काळ्या बाजूवरचा सोनेरी रंग

अर्धाच काळा.

निळे झेंडे, त्यांच्याखाली टेम्पो.

लोखंडी कपाटांवर रंगाचा फवारा मारणारा एक हात. त्या हाताने आयुष्यात ओघळ येऊ दिला नाही.

वारा नसलेलं आकाश.

लाउडस्पीकरवर कोणीतरी म्हणतंय, "हाच तो, वर जाऊन आलेला."

मी कुठेही गेलो नाही.

मित्रांनो, मी एक जुना उपग्रह आहे, असं मला स्वतःलाच वाटू लागलं होतं. खरं म्हणजे मी उपग्रहाचा जुळा. दादरजवळच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघे घडलो. बुटांच्या खोक्याएवढे, सारख्याच पट्ट्या, सारख्याच वायरी. तो वर जाणार होता. त्याच्यावर जे बेतेल ते आधी मी खाली सोसायचं, असं ठरलं होतं.

आणि मी सोसलं. रॉकेट थरथरतं म्हणून मला थरथरवलं. मग एका जाड पिंपात ठेवून आतली हवा ओढून घेतली. तुम्हाला उकडलं की तुम्ही पंख्याखाली बसता. वर तशी सोय नाही. हवाच नाही, तर उष्णता वाहून नेणार कोण? ती अंगावरून किरणांच्या रूपानेच बाहेर टाकावी लागते. उन्हातली बाजू भाजते, सावलीतली गोठते, आणि पृथ्वीभोवती फिरताना हा खेळ दर दीड तासाने पुन्हा सुरू होतो. म्हणून तिथे रंग ही नटायची गोष्ट नाही. माझी एक बाजू मुद्दाम काळी होती, बाकीचा धातू मुद्दाम उघडा. काळं किती आणि उघडं किती, यावर बॅटरीचा जीव अवलंबून होता. पहिला काळा लेप पिंपात वाफ सोडू लागला आणि ती वाफ कॅमेऱ्याच्या काचेवर जाऊन बसली. दुसरा गारठ्यात तडकला. तिसरा टिकला.

हे सगळं संघमित्राने केलं. मला हात लावण्याआधी ती पंखा बंद करायची, तोंडावर कापड बांधायची, हातमोजे घालायची. धुळीचा एक कण नको. घरी गेल्यावर ती याच गोष्टी रंगवून सांगायची.

सावली.

जुळा वर गेला. टाळ्या झाल्या, पेढे वाटले गेले. मी कपाटाच्या माथ्यावर गेलो. पुढे प्रयोगशाळेत जागा पुरेना, तेव्हा संघमित्राने मला परळच्या चाळीतल्या आपल्या घरी आणलं.

तिचे वडील रामदास. लालबागच्या एका कपाटांच्या दुकानात त्यांनी रंगकाम केलं, तिथूनच निवृत्त झाले. भीमजयंतीच्या चित्ररथावर मला ठेवायचं चाळीतल्या पोरांनी ठरवलं. आपली लेक, आपला उपग्रह. संघमित्रा हो म्हणाली आणि कामावर गेली. रामदासांनी मला हातात घेऊन फिरवून पाहिलं. एक बाजू काळी, बाकी पत्रा उघडा. त्यांच्या धंद्यात असं कपाट म्हणजे अस्तराचा पहिला हात मारून अर्धवट सोडलेलं काम. ते कोणी दुकानाबाहेर काढत नाही. पोरीचं काम चारचौघांत अर्धवट दिसायला नको. आणि वर्तमानपत्रातली अवकाशयानं तर सोनेरीच असतात.

ऊन.

मी सोनेरी झालो. टेम्पोवर बसलो, गळ्यात हार पडला, बायाबापड्यांनी लेकरांना उचलून मला दाखवलं. मी वर जाऊन आलो असं लोक म्हणत राहिले आणि मला ते आवडत राहिलं. तेच आठवलं की आता माझा पत्रा आकसतो. त्याच वेळी माझा भाऊ वर एकटा भाजत होता, गोठत होता.

पंधरवड्यात त्याचा आवाज बंद झाला.

अंदाज असा होता. सूर्याकडून सुटलेल्या एखाद्या सूक्ष्म कणाने संगणकाच्या आठवणीत गोंधळ केला. संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला, पण तोवर उपग्रह भलत्या बाजूला वळला आणि बॅटरी गारठली. आता दोनच वाटा होत्या. हीटर लगेच चालू करायचा, किंवा ऊन अंगावर येईपर्यंत थांबायचं. चुकीचा आदेश गेला तर उरलीसुरली वीज संपणार. आधी माझ्यावर करून पाहायचं. मी होतोच त्यासाठी.

संघमित्रा मला न्यायला घरी आली. सोबत तिच्या गटातला मयूर होता. मला बघून तो थबकला.

"ही तर ट्रॉफी झाली," तो म्हणाला.

संघमित्राची आई, कमलाबाई, हसली. "कपाट असो नाहीतर उपग्रह, ह्यांना उघडा पत्रा बघवत नाही."

"ओघळ दाखव एक," रामदास म्हणाले.

संघमित्राने माझ्यावरून बोट फिरवलं. पहिल्यांदाच, हातमोज्याशिवाय.

"पप्पा, खालचा काळा आहे ना?"

"कसा राहील? घासून काढला. त्याशिवाय वरचा धरतो का?"

ती खाली बसली. काळा कशासाठी होता ते तिने हळू आवाजात सांगितलं. हा रंग पिंपात वाफ सोडेल, आणि सोनेरी अंगावरून मिळणारं तापमान खोटंच असेल, हेही सांगितलं. रामदासांनी मान खाली घातली. काढून देतो, आत्ता काढतो, असं म्हणत राहिले. काढून काळा परत येणार नव्हता, आणि नवा लेप चढवून सुकवायला वेळ उरला नव्हता.

"तुला खाली बघायला लावलं मी," ते म्हणाले.

"अख्ख्या चाळीला सांगितलं मी, वर जाणार म्हणून. काळा कशाला ते तुम्हाला नाही सांगितलं."

मयूर दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

आदेश कागदावरच्या हिशेबाने गेला. ऊन येईपर्यंत थांबायचा. उत्तर आलं नाही. नंतरही नाही. आदेश चुकला, की माझा भाऊ त्याआधीच संपला होता? हे मी सांगू शकलो असतो. तेवढंच एक काम माझं होतं.

आता मी पुन्हा कपाटावर आहे. रामदास माझ्यावरची धूळ पुसतात, पण दुसरीकडे बघत. मुलं विचारतात, हा वर गेला होता का? ते म्हणतात, "हा नाही. ह्याचा भाऊ." हार घालून घेताना मला हे सांगता आलं नव्हतं.

मित्रांनो, एखादी वस्तू अर्धवट दिसली तर ती पुरी करण्याआधी, जिने ती घडवली तिला विचारा. आणि आपलं काम घरी आणाल तेव्हा ते तसं का आहे, हेही घरात सांगा. नुसतं कौतुक घेऊ नका. मी घेतलं.

रंग देण्याआधी रामदासांनी पंखा बंद केला होता, नाकातोंडाला रुमाल बांधला होता आणि कमलाबाईंचे भांडी घासायचे नवे हातमोजे घातले होते.